चाळीस जीबीच्या प्रोसेसने फोर्क करू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सवर सी++ मध्ये लिहिलेली एक सर्व्हिस ४० जीबी मेमरी धरून बसलेली असते आणि तिच्यात साठेक थ्रेड (एकाच मेमरीत समांतर चालणारे कामाचे धागे) आहेत. कोणी व्हिडिओ चढवला की त्याचं छोटं चित्र काढायला ती फोर्क (स्वतःची प्रत असलेली नवी प्रोसेस, म्हणजे चाइल्ड, उभी करणं) आणि एक्झेक (त्या चाइल्डमध्ये दुसरा प्रोग्राम चढवणं) करून एफएफएमपेग हा व्हिडिओ हाताळणारा प्रोग्राम चालवते. त्या क्षणी बाकीच्या विनंत्या जवळपास अर्धा सेकंद अडकतात. कधीकधी रॅम शिल्लक असूनही ‘मेमरी देता येत नाही’ म्हणून फोर्कच फसतो. फोर्क तर कॉपी-ऑन-राइटमुळे (कोणी लिहील तेव्हाच नक्कल) स्वस्त असतो असं शिकवलं होतं, मग हे का? फोर्क वेगवान कसा करायचा? की प्रोसेस सोडून थ्रेडच वापरावा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी. थ्रेड नको. एफएफएमपेगच्या लायब्ररी थेट आपल्या प्रोग्रामला जोडता येतात हे खरं. पण बाहेरच्या माणसाने चढवलेली, मोडकी किंवा मुद्दाम बिघडवलेली फाइल डीकोड करताना तो कोड कोसळला, तर तुमची सर्व्हिसही त्याच्यासोबत जाईल. परक्या फाइलला हात लावणारं काम वेगळ्या प्रोसेसमध्येच ठेवावं. तुमचा आराखडा बरोबर आहे, नवी प्रोसेस उभी करायची रीत तेवढी बदलायला हवी.

आता ‘फोर्क स्वस्त असतो’ याबद्दल. कॉपी-ऑन-राइटमध्ये डेटाची नक्कल टळते, पेज टेबलची, म्हणजे कोणतं पेज (मेमरीचा तुकडा) रॅममध्ये कुठे आहे हे सांगणाऱ्या यादीची, टळत नाही. एक्स८६-६४ प्रोसेसरवर साधं पेज ४ केबीचं आणि पेज टेबलातली त्याची नोंद ८ बाइटची. म्हणजे १ जीबीमागे २,६२,१४४ नोंदी, त्यांनाच २ एमबी जागा. तुमच्या ४० जीबीला एक कोटीहून जास्त नोंदी आणि ८० एमबीची पेज टेबलं. फोर्क झाला की कर्नल (लिनक्सचा गाभा) या सगळ्या नोंदी एकेक करून चाइल्डसाठी उतरवून घेतं. ८० एमबी कॉपी करणं आजच्या मशीनला काहीच नाही, मग वेळ जातो कुठे? प्रत्येक भौतिक पेजची कर्नलकडे एक वेगळी नोंद असते आणि ‘हे पेज किती जण वापरताहेत’ याचे आकडे तिथे असतात. ते आकडे प्रत्येक पेजसाठी वाढवावे लागतात. एक कोटी वेळा मेमरीत इकडेतिकडे जाऊन अॅटॉमिक (दुसऱ्या कोअरला मध्ये घुसू न देणारी) बेरीज करायची, आणि त्यातल्या बऱ्याचशा नोंदी प्रोसेसरच्या जवळच्या वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, नसतातच.

हे काम चालू असताना कर्नलने तुमच्या प्रोसेसच्या मेमरी नकाशाचं लॉक (इतरांना थांबवणारं कुलूप) लिहिण्यासाठी धरलेलं असतं. त्या वेळात ज्या थ्रेडला पेज फॉल्ट येईल (म्हणजे एखादं पेज वापरताना कर्नलची मदत लागेल), किंवा ज्याला कर्नलकडून नवी मेमरी मागायची असेल, तो तिथेच उभा राहतो. साठ थ्रेड असलेल्या सर्व्हिसमध्ये असा थ्रेड लगेच सापडतो, त्याच्या हातात आपलं एखादं लॉक असतं, आणि त्याच्यामागे बाकीच्यांची रांग लागते. फोर्क एकाच थ्रेडने केला तरी अख्खी सर्व्हिस थबकल्यासारखी वाटते ती यामुळे.

फोर्क परत आला म्हणजे संपलं असंही नाही. लिहिता येणारी सगळी खासगी पेजेस आता ‘फक्त वाचा’ अशी झालेली असतात आणि बाकीच्या कोअरवरचे टीएलबीही (पेज टेबलची उत्तरं लक्षात ठेवणारी प्रोसेसरमधली छोटी साठवण) साफ झालेले असतात. त्यामुळे नंतर प्रत्येक पेजवर पहिल्यांदा लिहिताना फॉल्ट येतो. तोवर चाइल्डने एक्झेक केलं असेल तर पेज आता एकट्याचंच आहे हे कर्नल ओळखतं आणि नक्कल न करता लिहायची परवानगी परत देतं. पण फॉल्ट तर बसलाच. मधल्या काळात लिहिलं, तर पूर्ण पेजची नक्कल. आणि हे सगळं कशासाठी? चाइल्ड पुढच्याच क्षणाला एक्झेक करून तो मेमरी नकाशा टाकून देणार आहे. मुलाला कोपऱ्यावरून दूध आणायला पाठवताना घरच्या सगळ्या सातबाऱ्यांच्या नकला काढून त्याच्या हातात द्याव्यात आणि त्याने उंबरठा ओलांडताच त्या फाडून टाकाव्यात, तसला हा कारभार आहे.

अर्धा सेकंद हा आकडा मला अजिबात जास्त वाटत नाही. रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसच्या दस्तऐवजांत फोर्कला लागणाऱ्या वेळेची मोजमापं दिलेली आहेत: प्रत्यक्ष हार्डवेअरवर ६.९ जीबीच्या प्रोसेसला ६२ मिलिसेकंद, दुसऱ्या एका मशीनवर ६.१ जीबीला ८० मिलिसेकंद. म्हणजे जीबीमागे ९ ते १३ मिलिसेकंद. हाच दर ४० जीबीला लावा, तुमचा अर्धा सेकंद सरळ निघतो. तिथेच झेन या व्हर्च्युअलायझेशनवर चालणाऱ्या अॅमेझॉनच्या जुन्या ईसी२ मशीनचा आकडाही आहे: ६.१ जीबीला १४६० मिलिसेकंद. व्हर्च्युअलायझेशनची जात बदलली की हा खर्च वीसपट होऊ शकतो. त्यामुळे डेव्हलपरच्या लॅपटॉपवर मोजून ‘फोर्क चालतो’ असं ठरवू नये.

तुमच्याकडे मोजायचं असेल तर प्रॉक फाइलसिस्टममधल्या त्या प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये ‘व्हीएमपीटीई’ अशी ओळ असते. पेज टेबलांनी किती जागा घेतलीय ते ती सांगते. तो आकडा शंभर एमबीच्या घरात गेला असेल तर फोर्कबद्दल आणखी पुराव्याची गरज नाही. एसट्रेस या साधनाला प्रत्येक सिस्टम कॉलचा (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीचा) वेळ दाखवायला सांगून, फोर्क ज्यातून होतो त्या क्लोन कॉलवर नजर ठेवलीत तरी कळेल, फक्त चालू सर्व्हिसला एसट्रेस लावताना जपून. तो स्वतःच तिला मंदावतो.

ही कुरकुर नवी नाही. पीडीपी-७ या संगणकावरच्या पहिल्या युनिक्समध्ये फोर्क असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळींत बसला होता, असं युनिक्सचे सहनिर्माते डेनिस रिचींनी लिहून ठेवलंय. तिथे मेमरीत एका वेळी एकच प्रोसेस असायची, ती डिस्कवर लिहायची सोय आधीच होती, त्यामुळे ‘डिस्कवर लिही आणि मेमरीतलीच चाइल्ड म्हणून पुढे चालव’ हे सहज जमलं. काही केबीच्या प्रोसेसला ते शोभूनही दिसलं. पुढे व्हॅक्स संगणकांवर व्हर्च्युअल मेमरी आली, प्रोसेस फुगल्या, आणि १९७९ च्या ३बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत व्हीफोर्क (मेमरीची नक्कल न करणारा फोर्क) आणावा लागला. म्हणजे युनिक्सला दहा वर्षं व्हायच्या सुमारासच फोर्क महाग पडतोय हे लोकांच्या लक्षात आलं होतं. २०१९ च्या हॉटओएस या ऑपरेटिंग सिस्टमवरच्या परिषदेत मायक्रोसॉफ्ट रिसर्च, बोस्टन विद्यापीठ आणि ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी तर फोर्कला निवृत्तच करावं अशी भूमिका मांडली. मी इतका कडक नाही. शेलला, छोट्या डीमनला (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामला), आणि जिथे मेमरीचा गोठवलेला क्षण खरोखरच हवा आहे अशा कामाला फोर्कइतकं सोपं काही नाही. पण मोठ्या, अनेक थ्रेडच्या प्रोसेसमधून दुसरा प्रोग्राम सुरू करायला तो आता वापरू नये, हे माझं ठाम मत आहे.

तुमच्यासाठी सरळ उपाय पॉझिक्स-स्पॉन, म्हणजे दुसरा प्रोग्राम नव्या प्रोसेसमध्ये थेट सुरू करणारं लायब्ररीतलं फंक्शन. बरेच जण त्याला फोर्क-एक्झेकचं सोयीचं वेष्टन समजून सोडून देतात. कधीकाळी ते बऱ्याच अंशी तसं होतंही. २०१६ साली आलेल्या जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.२४ पासून मात्र लिनक्सवर त्याची अंमलबजावणी क्लोन सिस्टम कॉलला ‘व्हीएम’ आणि ‘व्हीफोर्क’ हे दोन झेंडे (फ्लॅग) देऊन होते. पहिल्या झेंड्याचा अर्थ, मेमरी नकाशाची नक्कल करू नका, दोघे एकच वापरू द्या. दुसऱ्याचा अर्थ, चाइल्डने एक्झेक करेपर्यंत किंवा ती मरेपर्यंत बोलावणाऱ्याला थांबवा. पेज टेबलं उतरवायची नाहीत, पेजेस ‘फक्त वाचा’ करायची नाहीत, टीएलबी साफ करायचा नाही. प्रोसेस १ जीबीची असो की १०० जीबीची, वेळ जवळपास तेवढाच, साधारणपणे एका मिलिसेकंदाच्या आत. लिनक्सवर थांबतो तोही फक्त बोलावणारा थ्रेड, बाकीचे चालू राहतात. (चालवायची फाइल नेटवर्क डिस्कवर असेल तर तो एक थ्रेड बराच वेळ अडकू शकतो. बायनरी स्थानिक डिस्कवर ठेवा.)

मग थेट व्हीफोर्कच का वापरू नये? वापरता येतो, पण चाइल्ड तुमच्याच मेमरीत आणि तुमच्याच स्टॅकवर चालत असते. तिने एखादा व्हेरिएबल बदलला तर तो तुमचाही बदलतो. त्याच वेळी सिग्नल (प्रोसेसला मध्येच येणारी सूचना) येऊन चाइल्डमध्ये तुमचा हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) चालला तर तो पेरेंटच्या, म्हणजे मूळ प्रोसेसच्या, डेटात ढवळाढवळ करतो. जीलिबसी यासाठी चाइल्डला वेगळा स्टॅक देते, तेवढ्या वेळापुरते सगळे सिग्नल अडवून ठेवते आणि चाइल्डमध्ये तुमचे हँडलर काढून मूळ डीफॉल्ट वागणूक लावते. हे हाताने बरोबर लिहिणारी माणसं आहेत, पण थोडी. आणखी एक फायदा असा की एक्झेक फसलं, समजा फाइलच सापडली नाही, तर पॉझिक्स-स्पॉन बोलावणाऱ्याला सरळ एरर परत देतं. फोर्क-एक्झेकमध्ये ती बातमी पेरेंटपर्यंत आणायला वेगळा पाइप उघडावा लागतो.

तुमचा ‘मेमरी देता येत नाही’ हा त्रासही याच बदलाने जाईल. फोर्क करताना कर्नलला हिशेब धरावा लागतो की चाइल्ड उद्या प्रत्येक पेजवर लिहील आणि आणखी ४० जीबी लागतील. ओव्हरकमिटचं (असलेल्यापेक्षा जास्त मेमरीचं वचन द्यायचं की नाही याचं) धोरण २ वर ठेवलेलं असेल तर हा हिशेब काटेकोर असतो, आणि ६४ जीबीच्या मशीनवर दुसऱ्या चाळीसांना सरळ नकार मिळतो. काही जण यावर उपाय म्हणून धोरण १ करतात, म्हणजे कोणी कितीही मेमरी मागितली तरी कर्नलने हो म्हणायचं. रेडिसला तसं करायला त्यांचीच मंडळी सांगतात आणि तिथे ते रास्त आहे. पण एफएफएमपेग सुरू करण्यापायी अख्ख्या मशीनचं धोरण सैल करू नका. मेमरी नकाशा वाटून घेतला की नव्या चाळीस जीबीचा हिशेबच उद्भवत नाही.

अडचण येते ती फोर्क आणि एक्झेकच्या मधल्या जागेत. लोक तिथे दहा कामं करतात: डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल किंवा सॉकेटचे क्रमांक) जोडणं, डिरेक्टरी बदलणं, मर्यादा लावणं, युजर बदलणं. पॉझिक्स-स्पॉनमध्ये हे आधीच यादी करून द्यावं लागतं. फाइल उघडणं, बंद करणं, जोडणं, सिग्नल मास्क, प्रोसेस ग्रुप हे जमतं. डिरेक्टरी बदलायची सोय जीलिबसी २.२९ मध्ये आली. रिसोर्स मर्यादा आणि युजर बदलणं मात्र त्यात नाही. त्यासाठी एक चिमुकला सी प्रोग्राम लिहा. पॉझिक्स-स्पॉनने तो सुरू करा, तो मर्यादा लावेल आणि मग स्वतःच एफएफएमपेगवर एक्झेक करेल. एक एक्झेक जास्त झाला, पण तो छोट्या प्रोसेसमध्ये झाला. जावाची रचना हीच आहे: जेडीके १३ पासून लिनक्सवर पॉझिक्स-स्पॉन ही मूळ पद्धत आहे आणि मध्ये ‘जेस्पॉनहेल्पर’ नावाचा छोटा प्रोग्राम असतो.

भाषांच्या रनटाइमनी हा धडा एकेक करून घेतलाय. गो भाषेच्या १.९ आवृत्तीत लिनक्सवर हेच दोन झेंडे वापरायला सुरुवात झाली. गिटलॅबची गिटली ही सेवा दर विनंतीला गिटच्या प्रोसेस सुरू करते. गोची आवृत्ती बदलल्यावर ती ३० पट वेगवान झाल्याचं त्यांनी जाहीरपणे लिहिलं होतं. तिथे जखम दुहेरी होती. फोर्क स्वतः मंद, आणि गो रनटाइम फोर्कभोवती एक लॉक धरतो, त्यामुळे एकाच वेळी प्रोसेस सुरू करू पाहणाऱ्या सगळ्यांची रांग. पायथॉनचं सबप्रोसेस मोड्यूल लिनक्सवर ३.१० पासून व्हीफोर्क वापरतं. पण तुम्ही ‘प्रीएक्झेक’ फंक्शन दिलंत किंवा युजर बदलायला सांगितलात की ते गुपचूप साध्या फोर्कवर येतं. कोड तोच, एक आर्ग्युमेंट वाढलं आणि सर्व्हिस अडखळायला लागली, असं दिसलं तर पहिला संशय यावर घ्या.

तुमच्या साठ थ्रेडबद्दल एक वेगळीच काळजी आहे, वेगाची नाही. फोर्कनंतर चाइल्डमध्ये फक्त फोर्क करणारा थ्रेड जिवंत असतो, बाकीचे एकोणसाठ नाहीसे होतात. पण त्यांनी धरलेली लॉक तशीच धरलेली राहतात. दुसरा थ्रेड लॉगिंगचं लॉक धरून असतानाच फोर्क झाला, आणि चाइल्डने एक्झेकआधी एक ओळ लॉग करायचं ठरवलं, तर ती कायमची लटकली. पॉझिक्सचा नियम म्हणूनच सांगतो की अनेक थ्रेडच्या प्रोसेसमधून फोर्क केल्यावर एक्झेकपर्यंत फक्त सिग्नल हँडलरमध्ये चालणारीच फंक्शनं वापरावीत. मेमरी मागणारं मॅलॉक त्यात नाही, मजकूर छापणारं प्रिंटएफ नाही. पायथॉन ३.१२ पासून अशा वेळी इशारा देतो आणि ३.१४ मध्ये लिनक्सवर मल्टिप्रोसेसिंगची मूळ पद्धतच फोर्क सोडून फोर्कसर्व्हर (वेगळ्या, छोट्या प्रोसेसकडून फोर्क करून घेणं) केलीय. तुमच्याकडे अधूनमधून एखादी चाइल्ड शून्य सीपीयू खात नुसती पडून राहत असेल, तर ती याचीच शिकार असण्याची दाट शक्यता आहे.

फाइल डिस्क्रिप्टरचंही बघून घ्या. फोर्क-एक्झेकच्या जुन्या कोडमध्ये हमखास एक लूप असतो: तीनपासून कमाल मर्यादेपर्यंतचे सगळे डिस्क्रिप्टर बंद करा. मर्यादा १०२४ होती तोवर ते खपून गेलं. कंटेनरमध्ये ती १०,४८,५७६ किंवा त्याहून कितीतरी मोठी असू शकते, आणि मग दर चाइल्डमागे दहा लाख सिस्टम कॉल होतात. लोक दोष फोर्कला देतात आणि वेळ खातो हा लूप. लिनक्स ५.९ पासून क्लोज-रेंज नावाचा कॉल आहे, एका फटक्यात काम होतं. मुळात प्रत्येक डिस्क्रिप्टर उघडतानाच ‘क्लोज-ऑन-एक्झेक’ (एक्झेक होताच आपोआप बंद) झेंड्यासह उघडायची सवय लावावी. नंतर वेगळ्या कॉलने झेंडा लावलात तर मधल्या फटीत दुसरा थ्रेड प्रोसेस सुरू करतो, आणि तुमच्या ग्राहकाचं सॉकेट एफएफएमपेगच्या हातात जातं. ग्राहक ‘कनेक्शन बंद का होत नाही’ म्हणून ओरडतो आणि कोणाला काही सापडत नाही.

आता समजा पॉझिक्स-स्पॉनही पुरेसं नाही, सेकंदाला शेकडो प्रोसेस लागतात. तेव्हा जन्म देणाऱ्यालाच लहान ठेवायचं. सर्व्हिस सुरू होताच, मोठी मेमरी घेण्याआधी आणि एकही थ्रेड सुरू करण्याआधी, एक मदतनीस प्रोसेस फोर्क करून ठेवा. पुढे तिच्याशी युनिक्स सॉकेटवर बोला: हा प्रोग्राम, ही आर्ग्युमेंटं, हे डिस्क्रिप्टर. उघडे डिस्क्रिप्टर सॉकेटवरून पाठवता येतात. ती काही एमबीचीच असल्यामुळे तिने केलेला साधा फोर्कही जलद होतो. किंमत एवढीच की चाइल्ड तिची असते, तुमची नाही. ती संपल्याची वाट मदतनीसानेच बघायची आणि निकाल तुम्हाला कळवायचा.

अँड्रॉइडचा झायगोट हे याच कल्पनेचं उलटं, आणि माझ्या मते सुंदर, रूप आहे. तिथे एक्झेक नाहीच. झायगोट फोन सुरू होतानाच फ्रेमवर्कचे क्लास आणि रिसोर्सेस चढवून बसतो, आणि प्रत्येक अॅप त्याच्यातून फोर्क होतं. चढवण्याचा वेळ वाचतो आणि ती पेजेस सगळ्या अॅप्समध्ये वाटली जातात. इथे कॉपी-ऑन-राइटचं वचन खरोखर वसूल होतं, कारण चाइल्ड पेरेंटची मेमरी टाकून देत नाही, वापरते. अँड्रॉइड १० मध्ये तर काही प्रोसेस आधीच फोर्क करून तयार ठेवण्याचीही सोय आली. बदल्यात एक गोष्ट जाते: सगळ्या अॅप्सचा मेमरीतला मांडणीक्रम बहुतांशी एकसारखा राहतो, म्हणजे पत्ते यादृच्छिक ठेवण्याची सुरक्षा पातळ होते.

रेडिसचं काम तिसऱ्या प्रकारचं. पार्श्वभूमीवर डेटा डिस्कवर उतरवताना त्याला सगळ्या मेमरीचा एका क्षणीचा फोटो हवा असतो, आणि तो फोर्कच देतो. तिथे पॉझिक्स-स्पॉनचा उपयोग शून्य. तुमच्या सर्व्हिसमध्ये असं काही असेल तर खर्च कमी करायला एक युक्ती आहे. चाइल्डला नको असलेले मोठे बफर, कॅश वगैरे, एमअॅडव्हाइज कॉलने ‘फोर्कमध्ये धरू नका’ असे खुणावून ठेवा. कर्नल तेवढे भाग वगळतं. चाइल्डने चुकून तिथे हात लावला तर ती कोसळेल, हे ध्यानात असू द्या. मोठी, २ एमबीची पेजेस वापरल्यास नोंदी ५१२ पटीने घटतात आणि फोर्क झपाट्याने होतो. पण जुन्या कर्नलमध्ये एक बाइट लिहिला तरी २ एमबीची नक्कल होत असे, म्हणून रेडिसवाले ती आपोआप मिळणारी सोय बंद ठेवायला सांगतात.

फोर्कचा खर्च गेला की उरलेला वेळ एक्झेकच्या पुढे दिसू लागेल: डायनॅमिक लिंकर डझनावारी लायब्ररी शोधतो, जोडतो, मग प्रोग्राम स्वतः सुरू होतो. एफएफएमपेगच्या बाबतीत स्टॅटिक (लायब्ररी आतच जोडलेली) बांधणी वापरून हा भाग थोडा घटवता येतो. पण चित्र काढायलाच दोनशे मिलिसेकंद लागत असतील तर त्यामागे लागू नका.

बदल करताना एक जागा तपासा. तुमची सर्व्हिस मेमरी संपल्यावर मारली जाऊ नये म्हणून कोणीतरी तिचा ओओएम गुणांक (मेमरी संपल्यावर कोणाला मारायचं ते ठरवणारा) उणे हजार करून ठेवला असेल. तो चाइल्डला वारशाने मिळतो आणि एक्झेकनंतरही टिकतो. म्हणजे बिघडलेल्या फाइलवर एफएफएमपेगने वीस जीबी गिळले तरी कर्नल त्याला हात लावणार नाही, बाजूच्या निरपराध डेटाबेसला मारेल. मर्यादा लावणारा तो चिमुकला प्रोग्राम लिहाल तेव्हा त्यातच हा गुणांक परत शून्यावर आणा आणि चाइल्डला मेमरीची मर्यादा घातलेल्या वेगळ्या सीग्रुपमध्ये (कर्नल ज्यावर मर्यादा लावतं अशा प्रोसेसच्या गटात) टाका.